सगुणची तोंडी परीक्षा

सगुण परब मडगावहून परतला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दारातूनच त्याने सांगून टाकलं, "नापास."

त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्याने घेतला नाही. आत गेला, शर्ट काढला, पुन्हा अंगात घातला आणि अंगणात येऊन उभा राहिला.

ही १९७४ सालची गोष्ट. सगुण मूळचा बांद्याकडचा. लग्नानंतर डिचोलीच्या खाणीवर कामाला लागला आणि जवळच्या सर्वण गावात खोली घेऊन दोघं राहिली. खाणीत सुरुंग उडवण्याचं काम दत्ताराम गावकर करायचा. पोर्तुगीज असल्यापासून, परवान्याशिवायच, तो तेच करत आला होता. सगुण सहा वर्षं त्याच्या हाताखाली होता. भोकात दारू भरणं, वात जोडणं, माणसं लांब घालवणं, सगळं त्याला येत होतं. पण स्वतः सुरुंग उडवायचा तर परवाना हवा आणि परवान्यासाठी तोंडी परीक्षा.

"काय विचारल्यानी?" चंद्रावतीने विचारलं.

"वात पेटवली, सुरुंग फुटलो नाय, तर किती वेळ जवळ जावचा नाय? माका पुस्तकातला पान दिसत होता गे! डाव्या बाजूचा, खाली तेलाचो डाग असलेला. पण आकडोच दिसेना. मग तोंडाक येयत तां सांगितलंय."

पुढची परीक्षा तीन महिन्यांनी होती. दुसऱ्या दिवसापासून सगुणने वाचन दुप्पट केलं. कामावरून आला की नियमांची ती पुस्तिका घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचा आणि मोठमोठ्याने वाचायचा. पायाशी भांडं आलं तर लाथेने बाजूला सारायचा. जेवताना अर्ध्यावर उठून एखादं पान पुन्हा बघून यायचा. चंद्रावतीला तो आवाज नकोसा झाला. मात्र तिच्या एक लक्षात आलं. वाचताना त्याची मान सारखी डोलायची, रस्त्यात ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. प्रत्येक ओळ त्याला ओळखीची होती. पण ओळख असणं वेगळं आणि हाक मारायला नाव आठवणं वेगळं.

पंधरा दिवसांनी तिने त्याच्या हातातून पुस्तिका काढून घेतली. ती चौथीपर्यंत शिकली होती, सावकाश का होईना, वाचता यायचं.

"आता मी विचारतंय. तुम्ही सांगा. दारूच्या पेटीपासून विडी किती लांब ठेवची?"

सगुणने पुस्तिकेकडे हात नेला, तिने ती मागे घेतली.

"काल तीन वेळा वाचलात ह्या."

"माका ठावक आसा!"

"मग सांगा."

त्याचा चेहरा लाल झाला. "मडगावचो सायब पुरे पडलो नाय म्हणान आता तू लाज काढतंस?" असं म्हणून तो चपला न घालताच बाहेर पडला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत त्याने वाचलंही नाही. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवर पाणी काढत होती, तिथे येऊन त्याने तिच्या हातातला दोर घेतला आणि खाली बघत म्हणाला, "विचार."

मग तिने विचारायचा सपाटाच लावला. नारळ खवताना, बाजाराच्या वाटेवर, त्याच्या तोंडात घास असताना. आज बरोबर आलेलं उत्तर चार दिवसांनी पुन्हा विचारायची आणि तेव्हा तो अडला की ताबडतोब सांगायची नाही. तो डोकं खाजवायचा, उठायचा, बसायचा, तिच्यावर डाफरायचा. तिलाही ते सोसवायचं नाही. उत्तर ओठांवर यायचं, ते ती गिळायची. पण असं धडपडून एकदा बाहेर आलेलं उत्तर पुढच्या वेळी लवकर यायचं, हे दोघांनाही कळायला लागलं होतं.

एक प्रश्न मात्र सुटेना. न फुटलेल्या सुरुंगाचा.

"दहा मिनिटां," तो म्हणायचा.

"चूक. अर्धो तास."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "दहा मिनिटां."

चौथ्यांदा तसंच झाल्यावर ती चिडली नाही. पुस्तिका मिटून तिने विचारलं, "खाणीवर किती वेळ थांबतात?"

खाणीवर दत्ताराम एक विडी ओढायचा, ती संपली की बघायला जायचा. फार तर दहा मिनिटं. सहा वर्षं सगुण त्याच्या मागून गेला होता. तो काही विसरला नव्हता. दुसरंच उत्तर रोजच्या कामाने त्याच्यात पक्कं भरलं होतं.

"सहा वर्षां आम्ही मरणाच्या तोंडात जातंव तर," तो म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या खेपेला तो पास झाला. साहेबाने तोच प्रश्न विचारला नाही, दुसरे अकरा विचारले.

परवाना हातात आल्यावर तीन आठवड्यांनी एका सकाळी पाचांपैकी एक सुरुंग फुटला नाही. दत्तारामने विडी संपवली, थोटूक चिरडलं आणि निघाला. सगुणने त्याचा दंड धरला.

"अर्धो तास, दत्तारामबाब."

"हात सोड. तुका कोणे शिकयलां रे हें काम?"

"तुम्हीच. पण ह्या चुकीचा शिकवलात."

सगळ्यांसमोर बोलला तो. दत्तारामने हात झिडकारला, पण पुढे गेला नाही. अर्धा तास सगळे लांबच थांबले. पुस्तक तरी खरं कशावरून, असंही सगुणच्या मनात येऊन गेलं. शेवटी जाऊन बघितलं तर वात ओलसर होऊन विझलेली. काहीच झालं नसतं. दत्तारामने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि महिनाभर त्याच्याशी काम सोडून शब्द काढला नाही. सगुणला आपण गुरूला दुखावलं याचा त्रास व्हायचा आणि आपण चुकलो असं मात्र वाटायचं नाही. ही दोन्ही ओझी घेऊन तो कामावर जायचा.

पावसाळ्यात खाण बंद होती तेव्हा मालकांनी ठरवलं की जुन्या माणसांनीही परीक्षा द्यावी. एका रविवारी दत्ताराम सर्वणला आला. सगुण बाजारात गेला होता. दत्तारामने ओली छत्री भिंतीला टेकवली आणि ओट्यावर अंग चोरून बसला.

"सगुण नाय घरात," चंद्रावती म्हणाली.

"सगुणाकडे नाय आयलों. तुझ्याकडे आयलों. सगुणाक तुवेंच प्रस्न विचारून पास केलो म्हण आयकलां." तो घुटमळला. "पुस्तक वाचलां गे. दोनदां. कायच ऱ्हावना तकलेत," तो डोक्याला हात लावत म्हणाला.

तिने पुस्तिका आणली आणि सोपा प्रश्न शोधायला लागली. मग तो बेत सोडून मधलंच एक पान उघडलं आणि विचारलं. दत्तारामने तोंड उघडलं, मिटलं. गुडघा हलवायला लागला.

"सांगू?"

"नाका," तो घाईने म्हणाला. "मात्शें रांव."

ती थांबली.