गार तळवे

मोहाच्या झाडावर टोळी, म्हणजे मोहाची तेलबियांची फळं, तोडायला चढलेला हेमराज पडला तो थेट डोक्यावर. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मनकर्णाला, समजावलं होतं: मेंदू सुजलाय, कवटीत त्याला जागा नाही, म्हणून अंग थंड ठेवून आतला दाब उतरवायचा. तिने मान हलवली खरी, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं.

हेमराज थंडगार गादीवर निपचित पडला होता. खोलीत निळसर उजेड होता. यंत्रांची संथ टिकटिक ऐकता ऐकता तिला वाटू लागलं, आपण दोघं गावच्या बोडीच्या तळाशी आहोत, वर कमळाची पानं हलताहेत आणि हेमराज पाण्यात गाढ झोपलाय. तिने त्याच्या पायांचे तळवे हातात घेतले. ते गार पडले होते. गावात असे गार पाय फक्त गेलेल्या माणसाचेच राहू देतात. जिवंत माणसाचे तळवे टोळीच्या तेलाने चोळून ऊब आणायची असते. शहाणपण दवाखान्याकडे असेल, पण नवरा तिचा होता.

पिशवीतली तेलाची बाटली काढून ती चोळू लागली. अंगावर आपली शाल घातली. चोळता चोळता तिचेही डोळे मिटले. मग हेमराजचं अंग थरथरलं. पाण्यातून वर येऊन राह्यला! आनंदाने तिचा ऊर भरून आला, तेवढ्यात यंत्र कोकलायला लागलं.

नर्स खुशबू धावत आली. तिने शाल ओढून फेकली.

"काय करून राह्यल्या ताई? अंग तापलं का डोक्यातला दाब चढते! हा आकडा पाहा. असाच चढत गेला तं माणूस हाती लागणार नाई."

इंजेक्शन दिल्यावर थरथर थांबली. आकडा मात्र रडतखडत उतरला. मनकर्णा भिंतीला टेकून बसली. तिला आता आपल्याच हातांची भीती वाटत होती.

संध्याकाळी सासू आली, धुरपताबाई. पोराच्या पायाला हात लागताच म्हातारीने हंबरडा फोडला आणि ते पाय ती पदरात गुंडाळू लागली. मनकर्णाने तिचे हात धरले.

"नोको बाई. थंडच राहू द्या त्यायले."

"थंड राहू देऊ? मेला का माहा पोरगा? तुले मारायचाच हाय का त्याले, कैदाशिणी?"

मनकर्णाने धरलेले हात सोडले नाहीत. म्हातारीच्या हातांची ऊब तिच्या हातांना लागत होती. ती ऊब हेमराजच्या पायांपर्यंत पोचू न देता मनकर्णा रडत तशीच उभी राहिली.