पाचवे सभासद, श्री. काळे

मित्रांनो, खांदा कॉलनीतल्या एका सोसायटीत, जिन्याशेजारच्या खोलीत खिळ्याला टांगलेला काळा चौकोन दिसतो ना, तो जुना फळा म्हणजे मीच. आता माझे कोपरे झिजलेत, रंग विटलाय. पण जन्मलो तेव्हा असा काळाकुट्ट होतो, की सुताराने मला अंगणात वाळत ठेवताच शेजारच्या कोंबड्या रात्र झाली समजून भरदुपारी खुराड्यात शिरल्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

मला आणलं ते इथल्या ज्येष्ठांच्या मंडळासाठी. चिटणीस आशालताबाई. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे अक्षर असं, की पुसणाऱ्याचा हात अडखळावा. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या नातवाचा निकाल, भजन किती वाजता, सगळं माझ्या अंगावर. लोक आधी मला वाचत आणि मग एकमेकांशी बोलत. कर्नाळ्याच्या सहलीला तर इतकी नावं आली, की शेवटची चार भिंतीवर उतरली. तेव्हा मी जरा फुगलो होतो हे कबूल करतो. लाकडी चौकटीला फुगणं शोभत नाही, पण काय करणार!

मग मंडळाचा फोनवर ग्रुप झाला. आशालताबाईंनी तो मंडळ वाढावं म्हणूनच केला होता. सभासद वाढलेही, बेचाळीसचे सत्तर झाले. फक्त खोलीत कुणी येईना. खडूच्या डबीत मुंग्यांनी संसार थाटला.

येत राहिले एकटे बुधाजी. मूळचे रोडपालीचे, आता इथे मुलाकडे राहतात. आशालताबाई रोज तीन वाजता ग्रुपवर विचारत, "आज मंडळात कोण कोण?" त्यावर बुधाजी खोलीत बसून एकेक अक्षर शोधत लिहीत, "हाय." म्हणजे मी आहे, मी आलोय. त्यांच्या गावात 'आहे'ला 'हाय'च म्हणतात.

लगेच फोन किणकिणायचा. बुधाजी मोठ्याने वाचायचे, "पाटीलबाय, हाय. कुलकर्नी, हाय. तुळशीराम, हाय." आणि मला सांगायचे, "बघ रं फळ्या, अकरा जना हाय!"

मग ते अकरा खुर्च्या मांडत. पातेलंभर चहा टाकत. दाराकडे तोंड करून बसत. चहावर साय धरे. दिवेलागणीला ते खुर्च्या एकात एक घालून ठेवत आणि म्हणत, "आज कामं निघाली आसतील."

असे पंधरा दिवस गेले. मी सगळं पाहत होतो, पण माझ्यावर कुणी लिहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. फळ्याचा जन्म हा असा.

सोळाव्या दिवशी सोसायटीचा मॅनेजर दत्ता नोटीस घेऊन आला. खोली रिकामीच असते, तेव्हा ती पार्सलं ठेवायला घेणार. शनिवारी चार वाजता पाच सभासद बसलेले दिसले तरच मंडळाची. आशालताबाई खोलीची किल्ली शोधत धावत आल्या, तर दार उघडं, चहाला उकळी आणि समोर खुर्च्यांची रांग.

"बुधाजी, आज काय कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम कसला, बाय! अकरा जना हाय बोललेत. येतीलच आता."

"अहो, ते हाय म्हणजे नमस्कार! घरात सोफ्यावर बसून करतात तो."

बुधाजींनी हातातला कप खाली ठेवला. "मंग आमी रोज हाय लिवतो, त्ये तुमाला काय वाटलं?"

आशालताबाईंना आधी हसू आलं. मग आलं नाही. त्याही रोज त्या 'हाय'खाली हात जोडलेलं चित्र टाकत होत्या. त्या बुधाजींच्या शेजारी बसल्या आणि साय काढून तो चहा प्यायल्या.

शनिवारी पुष्कळ विनवण्या केल्यावर आणखी दोघे आले. चौघांची नावं माझ्यावर चढली. चार वाजले. दत्ता जिन्यावरून उतरताना दिसला, तशी बाईंनी खडू उचलला आणि पाचवं नाव लिहिलं : श्री. काळे.

"काळे कोण?" दत्ताने विचारलं.

"भिंतीपाशी असतात. स्वभाव अबोल," बाई म्हणाल्या.

"पन रोज हजर हं! एक खाडा नाय," बुधाजींनी जोड दिली.

दत्ताने माझ्याकडे पाहिलं. चांगलं खिळ्यापासून खालच्या चौकटीपर्यंत पाहिलं. "बरं. काळेसाहेबांना सोमवारपर्यंत सोबत शोधा. तेव्हा मी हात लावून मोजीन."

त्या दोन रात्री मी सभासद होतो, मित्रांनो! सत्तर जणांना वर्गणी, मला माफ.

रविवारी बुधाजी तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे तुळशीराम राहतात. पत्नी गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. ग्रुपवर मात्र त्यांचं 'हाय' रोज न चुकता. दार उघडायला त्यांनी बराच वेळ लावला.

"शेठ, फोनवर रोज हाय लिवता," बुधाजी म्हणाले, "मंग खरंच हाय का नाय, बघाया आलो."

हे मला आशालताबाईंनी बुधाजींना विचारलं तेव्हा ऐकू आलं. तुळशीराम त्यावर काय म्हणाले, ते बुधाजींनी सांगितलं नाही. "चपला शोधत व्हते," एवढंच म्हणाले.

सोमवारी तुळशीराम आले. खोलीत शिरताना दाराची चौकट धरून जरा उभे राहिले. बुधाजींनी त्यांना खडू दिला, पण माझ्यावर पाचच ओळी आखलेल्या, जागा नव्हती. तेव्हा बुधाजींनी सदऱ्याच्या बाहीने 'श्री. काळे' पुसलं. त्या जागी तुळशीरामांनी आपलं नाव लिहिलं. आयुष्यात हजारदा पुसला गेलो, पण त्या दिवशी प्रथमच वाटलं, बुधाजी, पुसा, अजून पुसा.

दत्ताने हात लावून पाच मोजले आणि खोली मंडळाचीच राहिली. आता एखादा दोन दिवस दिसला नाही, की कुणीतरी जिना चढून त्याची कडी वाजवतं. मित्रांनो, तुमच्याही इमारतीत कुणी रोज फोनवर नुसता नमस्कार करत असेल. त्याला फुलाचं चित्र पाठवू नका. वर जा. आणि दार उघडायला वेळ लागला, तर लगेच परत फिरू नका. आत कुणीतरी चपला शोधत असतं.