माळ्यावरचा पारा

खोली एक, दहा फूट बाय दहा. वर पत्रा. पत्र्याखाली फळ्यांचा माळा. पंखा एक, तोही माळ्याच्या खाली. माणसं दोन. आणि दाराशेजारच्या खिळ्याला मी. मित्रांनो, मी काचेचा जुना तापमापक आहे. माझ्या अंगावरचे साठच्या पुढचे आकडे पुसले गेलेत. त्याखालचं मला अजून नीट सांगता येतं.

आकुर्डीच्या एका कॉलेजात अकरा वर्षं मी उकळत्या पाण्यात बुड्या मारल्या. मुलं मला पुसून पेटीत ठेवत. मग डिजिटल तापमापक आले आणि मी कपाटात पडून राहिलो. "ने पोरी, भंगारात जाण्यापेक्षा बरा," म्हणत प्रयोगशाळेतल्या लक्ष्मणरावांनी मला तिथंच शिकणाऱ्या दीपमालाच्या हातात ठेवलं. तिला शहरातल्या उष्णतेवर प्रकल्प करायचा होता. असा मी तिच्या चाकणच्या खोलीत आलो.

तिची आई कस्तुरा कंपनीत प्रेस मशीनवर रात्रपाळी करायची. खालची जागा गॅस, भांडी आणि पाण्याच्या पिंपांनी भरलेली. म्हणून इथं रात्रपाळीची माणसं दिवसा माळ्यावर झोपतात. पत्रा नाकापासून दोन हातांवर.

"माय, वर अंगाची भाकर व्हायलीय," एका दुपारी कस्तुरा म्हणाली.

"आई, सदतीसच आहे. तापमापक सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर लावायचा, असा नियम आहे."

"मग तुझ्या नियमालाच झोपव वर. मी राहते खिळ्याला टांगून."

दोघी हसल्या. दीपमालानं वहीत सदतीस लिहिलं. मी खोटं बोललो नव्हतो. जिथं टांगलं, तिथलं सांगत होतो.

मे महिन्यात सलग नऊ दिवस कस्तुराला धड झोप लागली नाही. दहाव्या पाळीत मशीनवर डुलकी आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीच्या कागदावर कारण लिहिलं होतं: निष्काळजीपणा.

आई दवाखान्यात असताना दीपमाला मला खिळ्यावरून काढून माळ्यावर चढली. आईच्या उशीजवळ मला धरून वीस मिनिटं बसली. घामानं तिची बोटं माझ्यावरून घसरत होती.

परवा ती पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरत होती. त्यात रकाना होता: हा विषय का निवडला? तिनं पृथ्वी, भविष्य असं बरंच लिहिलं आणि सगळं खोडलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी फुटलो तर दुसरा मिळेल. फक्त मला टांगण्याआधी तिथला माणूस कुठं झोपतो, ते बघा.

रकान्यात आता दोनच ओळी आहेत.

दुपारी २.००, दाराशेजारी: ३७.० अंश.

दुपारी २.२०, आईच्या उशीजवळ: ४६.५ अंश.