पत्र पोचलं

मी रोशनबींच्या मोबाइलमधली स्पॅमची पेटी बोलतेय. नको असलेलं टपाल माझ्या पोटात येतं, तीस दिवस राहतं आणि आपोआप नाहीसं होतं. मला कुणी उघडून बघत नसे. कचऱ्याचा डबा तरी रोज उचलतात!

रोशनबी तळेगावात शिवणकाम करतात. माहेर इंदुरीचं. शाळा पाहिली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकल्या, आणि मोबाइलही कुणाला न विचारता. नात रुमाईसाचा फोन बिघडला, म्हणून तिनं नर्सिंग कॉलेजच्या अर्जावर दादीचाच ईमेल घातला.

तेव्हा मी जवळजवळ रिकामी होते. एक दिवस पत्र आलं, 'अभिनंदन! तुम्हाला मोटार लागली.' रोशनबींनी उत्तर धाडलं, 'पत्र पोचलं. मोटार नको. कळावे, रोशनबी.' टकलावर केस उगवणाऱ्या तेलवाल्यालाही कळवलं, 'केस आहेत.' महिनाभरात दिवसाला चाळीस पत्रं येऊ लागली.

रुमाईसानं कपाळावर हात मारला. "दादी, उत्तर दिलंस की त्यांना कळतं, इथं जिवंत माणूस आहे!"

"मग हायेच की मी जिवंत! पत्राला उत्तर न देणं म्हंजे दारात आलेल्याला पाणी न इचारणं."

"हे पाहुणे नाहीत, चोर आहेत. उत्तर द्यायचं नाही. इथं दाबायचं, 'स्पॅमची तक्रार करा'."

चोर म्हटल्यावर बाई पेटल्या. रोज सकाळी चहासोबत तक्रारी. नियम स्वतःच काढला: अनोळखी माणूस अभिनंदन करतो, तो चोर. माझं पोट तट्ट फुगलं.

सोमवारी 'अभिनंदन! मुलाखतीसाठी निवड' असं पत्र आलं; पहिला शब्द वाचूनच रोशनबींनी बटण दाबलं आणि ते माझ्यात येऊन पडलं. कॉलेजचं होतं. मुलाखत शुक्रवारी. मला ओरडता येत नाही. रुमाईसा रोज विचारी, "दादी, काही आलं?" आणि रोशनबी ठणकावत, "आलं असतं तर मला दिसलं नसतं व्हय?"

गुरुवारी त्यांनी मला उघडलं, पण वेगळ्याच कामाला. नुसतं बटण दाबून समाधान होईना, म्हणून चोरांची नावं वहीत उतरवून सायबर पोलिसांना द्यायची होती. बोट खाली सरकत आलं आणि थांबलं. चोर आजवर 'प्रिय ग्राहक' म्हणत आले होते. इथं 'प्रिय रुमाईसा अल्लाउद्दीन' होतं.

"रुमा, हितं ये. चूक माझी हाय."

हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी 'स्पॅम नाही' दाबलं. पत्र माझ्यातून सुटलं. मग चष्म्यावरून नातीकडं बघत विचारलं, "ह्याला तरी उत्तर देऊ का न्हाई?"

"दे, दादी!" रुमाईसा रडतही होती, हसतही होती.

'पत्र पोचलं. पोरगी उद्या येतेय. कळावे, रोशनबी.'

आता दर जुम्म्याला त्या मला उघडतात, एकेक नाव वाचतात, मगच रिकामी करतात. माझी एक बहीण तुमच्याही फोनात आहे. चोरांची तक्रार जरूर करा, पण आधी नाव वाचा. पाणी द्यायचं की दार लावायचं, ते मग ठरवा.