साहेबापुढं घेतलेलं नाव

मी मुकी नाही. पुणतांब्यात कोणालाही विचारा, लग्न होऊन महिना झाला नव्हता तोवर घाटावर धुणं धुताना माझ्या तोंडी लागायला बायका बिचकत होत्या. तरीही मुंबईच्या त्या कचेरीत परदेशी साहेबासमोर मी तोंड शिवल्यासारखी बसले आणि हातातोंडाशी आलेला व्हिसा घालवून परत आले.

एकाहत्तरच्या वैशाखात माझं लग्न झालं. आमचे हे इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या एका ओतकामाच्या कारखान्यात फिटर होते. इथल्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काम शिकले आणि तिकडं गेले. लग्नासाठी कशीबशी रजा मिळाली होती. अंगाची हळद उतरली न उतरली तोच परत गेले. जाताना म्हणाले, "मुंबईत साहेब चार गोष्टी इचारील. खरं ते सांग. दिवाळीला तू माझ्याजवळ असशील."

मला त्यांच्याजवळ जायचं होतं. हे उघड सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. एवढ्याशा दिवसांत माणूस कितीसा कळणार? पण मला जेवढा कळला तेवढा फार आवडला होता. तो गेल्यावर जेवणावरची वासनाच गेली माझी.

श्रावणात मुंबईहून बोलावणं आलं. मामंजी मला घेऊन मनमाडवरून मुंबईला गेले. मामंजी म्हणजे माझे सासरे. कचेरीत आत मला एकटीलाच बोलावलं. टेबलापलीकडे साहेब, शेजारी त्याचं इंग्रजी मराठीत करून सांगणारा एक काळ्या कोटातला दुभाषा. साहेबाचा पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

मी म्हणाले, "कागदावर हाय की."

"कागद आम्हाला वाचता येतो," दुभाषा म्हणाला. "तुम्ही तोंडानं सांगा."

मी मान खाली घातली. मग त्यानं सासऱ्यांचं नाव विचारलं. मग सासूबाईंचं. तिन्ही वेळा मी टेबलाच्या पायाकडे पाहत राहिले.

तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. पण ज्या घरात मी वाढले त्या घरात आईनं कधी वडिलांचं नाव घेतलं नव्हतं, आणि ज्या घरात आले तिथं तर शिस्त याहून कडक होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं माहीत होतं. सासू-सासऱ्यांचं नाव घेणं हा तर निव्वळ उर्मटपणा. सात समुद्रांपलीकडे एकटा राहणारा माणूस, रोज तापलेल्या लोखंडाशी त्याची गाठ, आणि मी इथं खुर्चीत बसून त्याचं आयुष्य कमी करू?

साहेब दुभाष्याशी काहीतरी बोलला. दुभाषा म्हणाला, "साहेब म्हणतात, ज्या बाईला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही तिचं लग्न झालं यावर विश्वास कसा ठेवायचा? घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन पुन्हा एकदा या. तेव्हाही असंच झालं तर अर्ज फेटाळला जाईल."

गावात बातमी आमच्या आधी पोचली. घाटावर छबूबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली, "नवऱ्यानंच सायबाला कळवलं आसंल, धाडू नगा म्हनून. तिकडं एखादी गोरी आसंल." एरवी मी तिला धुण्याच्या धोपटण्यासकट नदीत उभी केली असती. त्या दिवशी धुणं अर्धवट टाकून घरी आले आणि चुलीपुढं बसून रडले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. कोरड्या आवाजाची बाई. माया करायची ती भाकरीवर जास्तीचं तूप घालून, बोलून कधी नाही.

मामंजी ओट्यावरून म्हणाले, "आगं, घे म्हनावं नाव. पोरगं तिकडं, ही हितं. माझंबी घेऊ दे. मी काय रागावनार हाय व्हय?"

"गप बसा," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या थोरल्या जावंनं एकदा रागाच्या भरात नाव घेतलं. त्याच साली पटकीनं गेले भाऊजी. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मामंजींनी पायात वहाणा सरकवल्या. त्या भावाला खांदा त्यांनीच दिला होता. आत्याबाईंचं सोवळं इतकं होतं की मामंजींच्या नावाच्या जवळ जातं म्हणून त्या महादेवाच्या देवळालासुद्धा शंकराचं देऊळ म्हणायच्या.

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाल्या, "उखान्यातलं नाव लागत न्हाई."

मी डोळे पुसले.

"लग्नात घेतोच की आपन. डोहाळजेवनात घेतो, बारशाला घेतो. कुनाला कदी काय झालंय का? सायबाला नाव पायजे ना, मंग उखान्यात घे. सासू-सासऱ्याचंबी त्यातच घाल, म्हंजी एका दमात मोकळी."

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात उखाणा रचायचं काम सुरू झालं. मी एक ओळ म्हणायची, आत्याबाईंनी नाक मुरडायचं. "असलं मिळमिळीत नगं," त्या म्हणायच्या. "नवरा कुठला, कुठं काम करतो, सायेब समदं इचारनार. समदं त्यात आलं पायजे." दळताना, निवडताना, म्हशीच्या धारा काढताना आम्ही दोघी ओळी जुळवत होतो. तोवर मी त्यांना घाबरत होते. त्या दिवसांत कधी घाबरायची थांबले ते कळलं नाही.

दसरा झाल्यावर आम्ही तिघं मुंबईला गेलो. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा मनमाडच्या पलीकडे चालल्या होत्या. त्यांनी इरकली लुगडं नेसलं होतं, कपाळावर आडवं कुंकू, आणि डब्यातल्या सगळ्यांकडे त्या अशा बघत होत्या की जणू कोर्टात साक्षीला निघाल्यात.

साहेब तोच, दुभाषाही तोच. यावेळी तिघांनाही आत बोलावलं. साहेबानं तोच प्रश्न केला, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

मी उठून उभी राहिले. डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज काढला तो घाटावर काढते तसा.

"गोदामाईच्या काठी पुणतांब्याचा घाट,
सहादेव-बनुबाईंनी मांडला लग्नाचा पाट,
लोखंडाच्या भट्टीपुढं ज्यांची ताठ पाठ,
त्या गोरक्षनाथांनी बघावी माझी किती वाट?"

दुभाषा आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याच्या मिशा हलल्या. त्यानं साहेबाला एकेक ओळ सांगितली. नदी सांगितली, गाव सांगितलं, भट्टी सांगितली. साहेब कागदावर बोट ठेवून नावं ताडून बघत होता. शेवटच्या ओळीला तोही हसला. मला वाटलं, जिंकलं.

पण साहेबानं पेन खाली ठेवलं. दुभाषा जरा अवघडून म्हणाला, "साहेब म्हणतात, फार छान. पण गाणं कोणीही पाठ करून येईल. त्यांना या आजींना विचारायचंय." आणि तो आत्याबाईंकडे वळला. "आजी, हे शेजारी बसलेत ते तुमचे कोण? त्यांचं नाव काय?"

आत्याबाई या प्रश्नाला तयार होत्या. त्यांनी पदर सावरला आणि सुरुवात केली, "उसाच्या फडाला पाटाचं पानी..."

साहेबानं हात वर केला.

"उखाणा नको, आजी," दुभाषा हळू आवाजात म्हणाला. "मला समजतं हो, पण यांना नाही समजत. नुसतं नाव सांगा. नाहीतर साहेब आज फाईल बंद करतील."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. थोरल्या दिरांची तिरडी त्यांच्या डोळ्यापुढं उभी असणार, मला ते स्पष्ट दिसत होतं. मला म्हणावंसं वाटलं, राहू द्या आत्याबाई, नाही जात मी इंग्लंडला. हे मी अगदी मनापासून म्हणणार होते. पण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझं तोंड तिथंच बंद झालं.

मग त्या मामंजींना म्हणाल्या, "जरा पल्याड बघा."

मामंजींनी मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं. आत्याबाई खुर्चीत ताठ झाल्या, थेट साहेबाच्या डोळ्यांत बघून, गावसभेत बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सहादेव."

आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले मामंजी सवयीनं म्हणाले, "ओ?"

शेतातून कोणी हाक मारली की देतात तशी ती ओ होती. ती ऐकून ते स्वतःच दचकले, वळले, आणि दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. मामंजींच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या होत्या. आत्याबाईंनी पदर तोंडात धरला. म्हणाल्या, "काय व्हायचं ते मला हू दे. ह्यांना नगं. माझी सून तेवढी धाडा."

साहेबानं काय झालं म्हणून विचारलं. दुभाष्यानं चष्मा काढला, पुसला, आणि बराच वेळ इंग्रजीत बोलत राहिला. नंतर आम्हाला म्हणाला, "मी सांगितलं साहेबांना, की या बाईंनी आत्ता काय केलं. आणि हेही सांगितलं, की माझ्या आईनं माझ्या वडिलांचं नाव अजून घेतलेलं नाही."

साहेब उठला. आत्याबाईंपुढं त्यानं मान लववली, पुन्हा बसला, आणि माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला. तो शिक्क्याचा आवाज मला आजही फार गोड वाटतो. आनंदानं मी त्या कचेरीतच आत्याबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि पहिल्यांदाच छातीशी धरलं.

परतीच्या गाडीत मामंजी कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत होते. इगतपुरीच्या पुढं त्यांनी घसा साफ केला. "बरं वाटलं ऐकायला," ते म्हणाले. "आनिक एकदा घे की."

"सायबाला आना हितं," आत्याबाई म्हणाल्या, "मंग घेते."

मामंजींना काहीही झालं नाही, हे सांगून टाकते. त्यानंतर वीस वर्षं त्यांनी ऊस लावला, नातवंडं खेळवली, आणि दर वर्षी आत्याबाई शंकराच्या देवळात नारळ फोडत राहिल्या. छबूबाईच्या हाती निघताना पेढा मी स्वतः ठेवला. पेढा चांगला मोठा होता, खाल्ला तिनं.

दिवाळी हुकली, पण तुळशीचं लग्न लागायच्या आत मी लंडनच्या विमानतळावर उतरले. आमच्याकडच्या थंडीत असतो तेवढाच कोट अंगावर, हातात आत्याबाईंनी दिलेला लाडवांचा डबा. दरवाजाबाहेर माणसंच माणसं. त्या गर्दीत हे मला दिसले, पण त्यांचं तोंड भलत्याच बाजूला. टाचा उंचावून दुसऱ्याच दाराकडे बघत होते. मी "अहो" म्हणाले. तिथं कोण ऐकतंय? पुन्हा "अहो" म्हणाले. ते त्या दाराकडे चालायलाच लागले.

निघताना आत्याबाई कानात म्हणाल्या होत्या, "परमुलूख हाय. येळ आली तर मागं ऱ्हाऊ नगंस. माझ्यानं झालं, तर तुझ्यानंबी हुईल."

मी डबा छातीशी धरला आणि त्या सगळ्या गोऱ्या-काळ्या माणसांच्या डोक्यावरून हाक मारली, "गोरक्षनाथ!"

ते जागच्या जागी थांबले, वळले, आणि बापासारखेच म्हणाले, "ओ?"