न दुखणारा अंगठा

मित्रांनो, मी प्लास्टिकची एक जुनी नखी आहे. गिटारवाले मला थंब पिक म्हणतात. उजव्या अंगठ्यात मला अंगठीसारखी चढवतात. मग माझं टोक जाड तारा छेडतं आणि बारीक तारांसाठी बोटं मोकळी राहतात. साच्यातून निघाले तेव्हापासूनच मी घट्ट. पण नवी नखी सुरुवातीला चावतेच, त्यात नवल नाही.

पेठेतल्या दुकानातून मला श्रीनिवासरावांनी घरी आणलं. बँकेतून निवृत्त झालेला सरळ माणूस, मधुमेह जुना आणि त्यापायी बोटं बधिर. साधी चपटी नखी त्यांच्या चिमटीतून निसटून गिटारच्या पोटात जायची. मग गिटार उलटी करून खुळखुळवत बसायचे बिचारे! न अडखळता एक अख्खी चाल वाजवायची, एवढीच त्यांची हौस होती.

शिकवायला खराडीतल्या आयटी कंपनीत नोकरी करणारा सलिल यायचा. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, फर्स्ट वीक पेन होणार. दुखलं की लगेच काढायचं. टाइट वाटलं तर गरम पाण्यात बुडवून लूज करा, ओके?"

श्रीनिवासरावांच्या पत्नी हेमाताई, त्यांनी लगेच वाटीत गरम पाणी आणलं. श्रीनिवासराव म्हणाले, "अगं, मला काहीच दुखत नाही. जमलं की!"

"हो का? जगाचे अंगठे रडतात आणि आपला तेवढा हसतो!" असं म्हणून हेमाताईंनी पाणी मोरीत ओतलं.

तिथेच घात झाला. दुखत नाही म्हणजे आपल्याला उपजत हात आहे, असं श्रीनिवासराव धरून चालले. सवय व्हावी म्हणून ते मला पेपर वाचताना घालत, दुपारी आडवे होताना, पुढे तर रात्रीही काढत नसत. मी मात्र मांसात रुतत चालले होते. जीव तुटायचा माझा. ओरडावं म्हटलं तर मला आवाज फुटतो तो तारेवरच!

एका सकाळी ती चाल अखेर पुरी झाली. एरवी हेमाताई विचारत, "अहो, तारा जुळवताय की वाजवताय?" त्या दिवशी कणकेच्या हातांनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "छान वाजवलंत," त्या म्हणाल्या. या घरात ही स्तुती म्हणजे फार झालं. मीसुद्धा आनंदले, आणि त्याची आज मला लाज वाटते.

श्रीनिवासरावांनी मला ओढून काढलं. खाली अंगठा काळानिळा पडला होता आणि पू वाहत होता. हेमाताई किंचाळल्या. त्यांनी डाव्या हाताने तो दाबून पाहिला.

दवाखान्यात अंगठा वाचला नाही. उरलेल्या हातावर पट्टी बांधून ते घरी आले. गिटारवर चादर पडली.

परवा हेमाताईंनी मला स्वतःच्या अंगठ्यात चढवलं. थोड्याच वेळात अंगठा ठणकू लागला. तरी त्यांनी मला काढलं नाही. शेवटी असह्य झालं तेव्हा ओढून फेकलं आणि रडत म्हणाल्या, "अहो, हे एवढं... एवढं सहन करत होतात?"

"नाही गं," श्रीनिवासराव म्हणाले. "सहन करायला कळायला तर हवं होतं."

मित्रांनो, कण्हणाऱ्याजवळ सगळेच धावतात. तुमच्या घरात जो कधीच 'दुखतं' म्हणत नाही, त्याचा हात आज एकदा हातात घेऊन नीट बघा.