कुणाचा डावा कोपरा?

मित्रांनो, मी लाकडी दांड्यांचा एक जुना सांगाडा आहे आणि जन्मापासून घाबरट आहे. माझी उंची माणसापेक्षा थोडी जास्त. चहूबाजूंनी नुसत्या त्रिकोणी खिडक्या, भिंत एकही नाही. पहिल्यांदा बघणारे मला मोठा पिंजरा समजतात. पण मी नाच शिकण्याची जागा आहे. नाचणाऱ्याने माझ्या पोटात उभे राहायचे आणि एकेका कोपऱ्याकडे झेपावायचे.

नाच शिकवणाऱ्या बाईंनी मला सुतारकाकांकडून बनवून घेतले. बाई सांगत, अंगाभोवतीची जागा रिकामी नसते. हात उंच उजवीकडे गेला की अंगातले काहीतरी खाली डावीकडे ओढ घेते आणि त्या ओढाताणीतच तोल असतो. सूर जसे एकमेकांना धरून असतात, तशा दिशाही. कोणत्या कोपऱ्यावरून कुठे जायचे, याची त्यांनी एक सरगमच बसवली होती. डावे-उजवे मात्र नेहमी आत उभ्या असलेल्याचे. हे सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की कुणी ते बोलूनही दाखवत नसे.

सुरुवातीला माझा थाट काही विचारू नका. रंगमंचावर मधोमध माझी जागा असे आणि टाळ्यांनी माझे दांडे थरथरत. पुढे नवे नाच आले आणि मी पडद्यामागे गेलो. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले, फरशी पुसायची फडकीसुद्धा. मला फार वाईट वाटे. ओल मुरत गेली आणि माझा डावा मागचा कोपरा सैल झाला.

मग बाईंची भाची आली. सारखी गिरक्या घेते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने मला पुसले, उजेडात आणले आणि माझ्याच आत आपला पहिला एकटीचा नाच बसवला. मी हरखलो. पण नाचाचा शेवट कळला आणि माझे धाबे दणाणले. शेवटी ती डावा मागचा कोपरा एका हाताने धरून सगळा भार मागे सोडणार होती. तो निखळला असता तर डोके सरळ फरशीवर.

बाईंनी त्याची करकर ऐकली होती. त्यांनी सुतारकाकांना बोलावून सांगितले, “डावा मागचा कोपरा डुगडुगतोय. भिंगरी त्याला लोंबकळणार आहे. तेवढा पक्का करून ठेवा.” आणि त्या वर्गावर गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

काका माझ्यासमोर, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. बाईंच्या शब्दावर विसंबून, हलवून न बघताच त्यांनी आपल्या डाव्या हाताचा मागचा कोपरा उघडला. मित्रांनो, तो माझा उजवा होता! चांगला धडधाकट कोपरा. काकांनी त्याला गोंद भरला, नवे स्क्रू पिळले, वरून मायेने थोपटलेही. काम अगदी चोख होते. मी मनात आकांत करत होतो, पण लाकडाला तोंड कुठे असते?

थोड्याच वेळात बाई वर्गावरून परतल्या आणि भिंगरीही आली. दुरुस्ती झाल्याचे बाईंनी सांगितले आणि तिने निर्धास्तपणे नाच सुरू केला. पुढचा कोपरा, वरचा, खालचा. एरवी मला तिची सरगम आवडे. त्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यासरशी तो सैल कोपरा जवळ येत होता. एकच कोपरा मध्ये उरला, उजवा मागचा. तिने तो धरला आणि तिथेच थबकली.

“मावशी, हा उजवा चिकट का लागतोय?”

“उजवा?” बाई ताडकन पुढे आल्या. “भिंगरी, हात काढ. डावीकडे जाऊ नकोस. बाहेर ये.”

बाईंनी डाव्या कोपऱ्याला नुसता हात लावला. दांडा त्यांच्या हातात आला. त्यांनी काकांना हाक मारली.

काका धावत आले. आपण डावाच केला, असे ते परत परत सांगत होते. बाई एवढेच म्हणाल्या, “कुणाचा डावा, ते मी सांगितलंच नाही हो.” काका वाकून माझ्या आत शिरले. मला घडवणारे काका त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आत उभे राहिले! त्यांनी डावा हात मागे नेला. तो बरोबर मोकळ्या जागेत गेला.

आता माझा कोपरा पक्का आहे. तरी भिंगरी आधी तळवा टेकवते, थोडा भार देते, थांबते आणि मगच स्वतःला सोडते. मी अजूनही घाबरतो. म्हणून विनवतो मित्रांनो, आम्हा वस्तूंना ओल लागू देऊ नका. आणि आमचे काही दुरुस्त करायला आलात, तर आधी एकदा आत उभे राहा. तिथून कुणीतरी भार सोडणार असते.